रुईचा नवरा

बोरगाव
दत्त जयंती झाल्यावरचा मंगळवार, डिसेंबर १९८०

दारातनं पाणी न पिता गेलीस. वैरी आला तरी आमच्यात आधी तांब्या दित्यात, मग भांडत्यात. तू वास्कोपासनं एष्ट्या बदलत, पोट सांभाळत हितपतूर आलीस, आन माज्या लेकानं दोन शब्द टाकले तशी पाठ फिरवून चालती झालीस. मी परसात हुते. आवाज ऐकून पळत आले तर निळ्या साडीची पाठ तेवढी दिसली, तिठ्याकडं जाताना. इतकी नाजूक हाईस तर आलीस कशापायी? एक शिवी परत दिली असतीस तर मला बी कळलं असतं दारात कोण उभं हाय.

असू दे. शेवंती, मी मष्णूची आज्जी, तानीबाई. त्यो रांगत असताना त्याची आई गेली, तवापासनं मीच वाढवला. तुला दारातनं हाकललं त्यो माजा लेक भावकू, मष्णूचा बाप. मी दुसरीपतूर शिकले, त्यातली बी अर्धी शाळा म्हशीमागं गेली. अक्षर वाकडं हाय, लावून वाच. दुसऱ्याकडनं लिवून घेतलं असतं तर सांजंला बोरगावभर झालं असतं.

तुजा पत्ता भरमानं दिला. त्यो बेळगावचा, मष्णूच्याच फुटबॉलच्या टीममधला. मष्णू गेला तवा भरमाचा पाय प्लॅस्टरमधी हुता, त्यो आपल्या घरी पडलेला. उशिरा कळलं. कुबडी घिऊन आला तवा मला गोठ्यामागं नेऊन सगळं सांगितलं. शिमग्याच्या टायमाला तुमी तितल्या हापिसात सह्या करून लगीन लावलं, तुज्या भावांनी मारलं असतं म्हणून कुणाला सांगितलं न्हाय, भरमा साक्षीला हुता. बरं केलं. पर हे सांगायला त्यो आला तवा सगळं हुऊन गेलतं.

भावकू तुला म्हणाला, "आमचा पोरगा रुईचा नवरा हुता, दुसरी कोण आमाला ठावं न्हाय." तू गोव्याची, तुला वाटलं शिवी दिली. शिवी न्हाय ती. आमच्यात बिनलग्नाचा गडी मेला तर त्याला तसाच जाळत न्हाईत. आधी रुईच्या झाडासंग त्याचं लगीन लावत्यात. न्हायतर त्यो अर्धाच ऱ्हातो, वाटंवर फिरत बसतो, म्हणत्यात. मैदानात खेळता खेळता पडला, तसाच क्लबाच्या गाडीतनं मष्णू आला. संग आलेल्या माणसाला भावकूनं इचारलं, "कोण बाई माणूस हुतं का त्याचं?" त्यो म्हणाला, न्हाय, खोलीत सगळी खेळाडू पोरंच ऱ्हायची. त्याला तरी काय ठावं. मग आमी काय करायचं? बांधावरनं रुईची फांदी आणली. मष्णूला हळद लावली, बाशिंग बांधलं. तुळशीच्या लग्नाचा अंतरपाट घरात हुताच, त्योच धरला. मंगलाष्टक म्हणायला कुणाचं तोंड उघडंना. मग मी म्हटलं. गावानं अक्षता टाकल्या.

चूक झाली असं लिवायला मी बसले न्हाय. तू कळवलं न्हाईस, त्यानं कळवलं न्हाय, आमाला काय सपान पडतंय? दिवाळीला आलता की. चुलीम्होरं बसून राखंत काडीनं रेघा मारत हुता. "आज्जे, एक बोलायचं हाय," म्हणाला. मी म्हटलं, "तुज्या आधी माजं ऐक, सदलग्याची पोरगी बघितलीया, उजळ हाय, घरात चार म्हशी हाईत." त्यो हसला आन उठून बाहीर गेला. बोलायचं हुतं तर बोलायचं. तोंडात काय चेंडू कोंबलेला?

कितवा म्हयना चाललाय, खातीस का न्हाय, ते कळव. भावकूचं मी बघते.

तानीबाई

बोरगाव
संक्रांतीचं हळदीकुंकू चालू हाय, जानेवारी १९८१

मी लिवलं तुला, आन कागद आला तुज्या भावाचा, दामूचा. अक्षर लई देखणं. शिंपी हाय म्हणं, कापड बी असंच सरळ कापत असंल. म्हणतो, बहिणीला समज न्हाय, चूक झाली, आता कारवारचा एक बिजवर तयार हाय. बाळंतीण झाली की साधंच लगीन लावू, मूल त्याच्या नावावर जाईल, शाळंत बी त्याचंच नाव लागंल, तवा तुमी पुन्ना लिवू नका. वर "आदरणीय" लिवलंय. एवढा आदर हुता तर पोस्टकार्डावर कशाला लिवलं? पोस्टमन वाचत वाचतच घराला आला.

भावकूला दाखवलं. त्याला बरंच वाटलं. म्हणाला, "सुटलो. मासळी विकणारीची लेक, उद्या हितं चुलीवर काय शिजवलं असतं?" मी म्हटलं, "सगळा जलम तंबाखूच्या ठसक्यात गेला तुजा, तुला मासळीचा वास येतोय व्हय?" दोन दिस बोलत न्हाय माज्यासंग. स्वयंपाक तेवढा बिनबोलता खातो.

एक सांगते. त्या पोराच्या नावाम्होरं कारवारवाल्याचं नाव लागलं तर मष्णू हुता का न्हवता हे बी कुणाला कळणार न्हाय. हितं रुई, तितं कारवार. म्हणून मी लिवून ठेवते. तू पोराला वाचून दाखव, न्हायतर चुलीत घाल. मी लिवणार.

मष्णू चालायच्या आधी लाथ मारायला शिकला. आमी बायका वखारीत तंबाखू चाळायला बसलो की ह्यो पल्याड बारदानाच्या चिंध्यांचा गोळा करून लाथाडत बसायचा. मुकादम वरडायचा. एकदा गोळा मुकादमाच्या चहात पडला तवा मला दोन दिस कामावर घेतलं न्हाय. मी मष्णूला बडवला. तिसऱ्या दिवशी त्योच मुकादम म्हणाला, "तानाक्का, पोराचा डावा पाय चांगला हाय." मग मी मुकादमाला बी बोलले, दोन दिस माजं काय खायचं हुतं?

बारका हुता तवा एकदा लई ताप आला, गुडघे, घोटे सुजून भोपळ्यावाणी. मी रुईची पानं तेल लावून तव्यावर तापवून बांधायची. उतरलं. मग बेळगावच्या डाक्टरानं छातीला नळी लावली आन म्हणाला, ह्याला पळू दिऊ नका. आमी हसलो. त्या वयाच्या पोराला पळू दिऊ नका! काय दावं लावून खुंट्याला बांधायचा? तुज्या पोराला ताप येऊन सांधे सुजले तर पानं बांधत बसू नको. डाक्टरकडं ने, आन त्यो काय म्हणतो ते ऐक.

निपाणीच्या हायस्कुलात मास्तरानं बघितला, बेळगावला नेला. तितं कॅम्पात मिलिटरीची माणसं खेळायची, तंगड्या खांबावाणी. त्यांच्यातनं ह्यो बारकुंडा चेंडू काढून न्यायचा. पेपरात फोटू आला. भावकूनं त्यो कापून बाजाराच्या पिशवीत ठेवला, वांगी घेताना बी दाखवायचा. मग शहात्तर साली गोव्याच्या क्लबानं बोलवलं. खेळायचा पगार! भावकूला खरं वाटंना, म्हणाला, "आन काम काय?" मष्णू म्हणाला, "हेच काम."

मी त्याचा एकच खेळ बघितला, गोव्याची टीम बेळगावला आलती तवा. मैदानात बाई माणूस मी एकटी. मला कळत काय नव्हतं, मी त्याच्या पायांकडंच बघत हुते. एका धिप्पाड गड्यानं मष्णूला धडक दिली आन त्यो तोंडावर पडला. मी उठले. "आरं मुडद्या, आईचं दूध प्यालास का ताडी?" असं काय काय बोलले, सगळं लिवत न्हाय. अर्ध्या खेळाला सुट्टी झाली तसा मष्णू पळत आला, "आज्जे, गप बस, त्यो आमच्याच टीमचा हाय." त्यो म्हणजे भरमा. अजून मला बघितलं की दोन पावलं मागं सरतो.

आता सांग, कारवारवाला ह्यातलं काय सांगणार हाय?

तानीबाई

बोरगाव
शिमग्याचा दुसरा दिवस, मार्च १९८१

तुजं स्वतःचं पत्र आलं. एवढंसं. पर आलं.

तू लिवतीस, "मी तुमची कोण? तुमची सून ती रुई." वाचून माजं डोकं सणकलं. दिसभर घरात हिकडनं तिकडं फिरत हुते, दूध उतू गेलं. आन तू लिवतीस त्यो छातीच्या गोळ्या खायचा, तुला ठाऊक हुतं, ह्या सालानंतर खेळ सोडून क्लबाच्या हापिसात चिकटणार हुता, तू अडवायला पायजे हुतंस. काय न्हाय. त्याच्या बापाला, मास्तराला, मिलिटरीला अडवता आला न्हाय, तू आठ म्हयन्यांची बायको काय अडवणार? ते डोक्यातनं काढ. पोटुशी बाई असलं डोक्यात ठेवती व्हय?

रुईचं मात्र मी डोक्यातनं काढलं न्हाय. तसंच उठले, पदर खोचला आन लक्ष्मीच्या देवळाच्या कट्ट्यावर गेले. सगळे म्हातारे तितंच बसलेले. भावकू बी हुता. थोरला कल्लाप्पा आमच्यात शेवटचा शब्द सांगतो. त्याला सगळं सांगितलं.

कल्लाप्पा म्हणाला, "तानाक्का, पोराचं रुईसंग लगीन लागलं, गावानं अक्षता टाकल्या. आता ते मोडता येतंय व्हय?"

मी म्हटलं, "मोडा म्हणतंय कोण? ऱ्हाऊ दे की रुई. तिचं लगीन कवा लागलं?"

"कार्तिकात."

"आन गोव्यातलं?"

भावकू मधीच म्हणाला, "ते हापिसातलं, त्याला कोण लगीन म्हणतंय?"

"तुला इचारलं न्हाय. कल्लाप्पा, सरकार जमिनीची सही मानतंय, तर लग्नाची मानंल का न्हाय?"

कल्लाप्पाची जमीन कोर्टात हाय. त्यो मिशीत हसला. "मानंल."

"ते गेल्या सालच्या शिमग्यात लागलं. शिमगा आधी का कार्तिक?"

"त्या सालचा शिमगा आधी."

"मग थोरली कोण?"

मीच सांगितलं. "शेवंती थोरली, रुई धाकटी. दोन बायकांचा दादला झाला माजा नातू, त्यात नवल काय? धाकटी घरात आली म्हणून थोरलीला हाकलत्यात व्हय? कल्लाप्पा, तूच सांग, तुज्या घरात दोन हाईत."

कट्टा हसून लोळला. कल्लाप्पाच्या दोघी रोज एकमेकींच्या झिंज्या उपटत्यात, साऱ्या गावाला ठावं. त्यो बी हसला. मग डोळं पुसून म्हणाला, "भावकू, म्हातारी बरोबर बोलती. थोरलीचं मूल घरचंच. बाळंत हुऊ दे. नातू झाला की बारसं हितं गावात घालू, मी सोता यीन."

भावकू उठून गेला. पर वाटंत माज्यासंग चालला, पुढं न्हाय, मागं न्हाय. घराजवळ आल्यावर इचारलं, "तिकडं बाळंतपण कोण करणार तिचं?" म्हणजे पाझर फुटलाय. तुज्या भावाला सांग, कारवारवाल्याला थांबव. आमच्या दारातनं तुला आता कोण न्हाय म्हणणार न्हाय.

मीच आले असते न्यायला. पर तंबाखूच्या भावापायी शेतकऱ्यांनी हायवेवर बैलगाड्या आडव्या लावल्यात, माणसं तितंच स्वयंपाक करत्यात, तितंच निजत्यात. भावकू बी जाऊन बसतोय. एष्टी न्हाय, काय न्हाय. पोष्टाची पिशवी लांबनं फिरून जाती म्हणं. हे कवा मिळंल द्येव जाणे. माजा जीव हितं पिंजऱ्यातल्या पोपटावाणी झालाय. तू तिकडं, रस्ता बंद, आन तुज्या भावाची कात्री चालूच.

खारवलेली मासळी लई खाऊ नको. पाय सुजतील.

तुजी आज्जेसासू तानीबाई

निपाणी
मे १९८१, बुधवार

वरचं गावाचं नाव बघ. बोरगाव न्हाय, निपाणी. आता मी हितं ऱ्हाते. कशी आले ते सांगते, पर तुज्या भावाला वाचून दाखवू नको.

रस्त्याचं तर पेपरात वाचलंच असशील. पोलिसांच्या गोळ्या चालल्या, माणसं गेली. भावकू पळत आला, पायताण तितंच टाकून. त्यातनं घर सावरतंय तवर भरमानं खबर आणली की तू बाळंत झालीस, दोघी खुशाल हाईसा. दोघी. मला बरं वाटलं. मी साखर वाटायला डबा काढला तर भावकू म्हणाला, "ठेव ती साखर." मी म्हटलं, "का रं?" तर म्हणतो, "पोरगी हाय. उद्या लगीन हुऊन जाणार, नाव बदलणार. कारवारच्या नावावर गेली काय आन आमच्या नावावर ऱ्हायली काय. उगं गावात तमाशा कशाला?"

मी कल्लाप्पाकडं गेले. त्यो जेवत हुता. म्हणाला, "तानाक्का, मी नातू म्हटलं हुतं." मी म्हटलं, "तू थोरलीचं मूल म्हटलं हुतंस." त्यो म्हणाला, "तेच की." त्याच्या दोघी बायका दारात उभ्या हुत्या. थोरली माज्याकडं बघत हुती. तिला चार पोरीच हाईत. मी निघाले तशी तिनं त्याच्या ताटातलं वाढप थांबवलं.

घरी आले. भावकूला म्हटलं, "भावक्या, तुला बी मी पाळण्यात घातला तवा मुलगा म्हणून साखर वाटली हुती. पैसं वाया गेलं." त्यो म्हणाला, "मग काय करू म्हणतीस?" मी म्हटलं, "काय करू नको. तू बस रुईपाशी." दोन लुगडी, तवा, आन मष्णूचं बूट पिशवीत घातलं आन निघाले. वाटंतनं तीनदा मागं बघितलं. त्यो दारात उभा हुता. "आई" म्हणून हाक मारली असती तर मी परत गेले असते, खोटं कशाला बोलू. त्यानं मारली न्हाय.

वखारीजवळ गंगव्वा ऱ्हाती, माज्यासंग तंबाखू चाळती. कानडी बोलती, मराठीत तेवढं भांडती. तिच्या खोलीच्या बाजूला एक खोली मोकळी हुती, ती घेतली. छप्पर बरं हाय. नळ बाहीर. गंगव्वाची शिवणाची मशीन पडून हाय, तिच्या लेकाची हुती. तू शिंप्याची बहीण, दोन टाके तर येत असतील. न्हाय आले तर शीक. पोरीला मी बघीन. तंबाखूजवळ नेणार न्हाय, ठसका लागतो.

मी गोड बोलून बोलवत न्हाय. हितं धूळ हाय, मच्छर हाईत, मी तोंडाळ हाय. मासळी मिळती, पर नदीची, तुला आवडणार न्हाय. वास्कोत तुजी आई हाय, समुद्र हाय. कारवारवाला बी कदाचित बरा माणूस असंल, मी बघितला न्हाय, उगं नाव का ठेवू. पर त्याच्या घरात ती पोरगी त्याची म्हणून वाढंल. माज्याजवळ ती मष्णूची म्हणून वाढंल. ह्यात तिसरं काय न्हाय.

पोरीचं नाव मी ठेवणार न्हाय. तूच ठेव, तुज्या आईच्या आवडीचं ठेव, गोव्याचं ठेव. पर शाळंत घालताना मधी मष्णू लागंल. गुरुजी म्हणाला बाप कुठं हाय, तर सांगू गोव्याला खेळायला गेला. न्हायतर खरं सांगू. आपल्याला काय चोरी हाय?

भरमा हे पत्र घिऊन आलाय. त्याचा पाय बरा हाय, पर पुन्ना खेळता येणार न्हाय म्हणत्यात. त्याच्या तोंडाकडं लई बघू नको, त्यालाच रडू येतं. चहा दे. भावानं आरडाओरडा केला तर करू दे, भरमा दोन शिव्या खाऊन बी हसत बसतो, माज्याकडनं सवय लागलीया.

शुक्रवारी तुला कारवारवाल्याच्या नावाचं कुंकू लावणार हाईत असं भरमा म्हणाला. तवा आजच ठरव. पोरगी रडत असंल तर तिला पाजत पाजत ठरव, पर ठरव.

आन आता नीट ऐक. ह्या पत्राला दामूनं उत्तर लिवायचं न्हाय. त्याचं देखणं अक्षर आलं तर मी न वाचता गंगव्वाच्या चुलीत घालीन. तुज्या आईनं निरोप द्यायचा न्हाय. भरमानं "ती येती म्हणाली", "ती येत न्हाय म्हणाली" असं काय सांगितलं तर मी ऐकणार न्हाय. उत्तर तू लिवायचं, तुज्या हातानं, भरमा थांबलाय तवर. 'येते' लिव न्हायतर 'येत न्हाय' लिव. येत न्हाय लिवलंस तरी मी तुला शिवी देणार न्हाय. पर खाली सही करताना नुसतं शेवंती लिवू नको. पुरं नाव लिव, मधी त्याचं घालून.